उत्तरेच्या काचेला पडदा

सातारा, कोरेगाव रस्ता
१४ मार्च २०२४

राहीवन्सं, नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, वाईट काही नाही. फोन वाजला की हे, तुमचे आण्णा, उठतात आणि पलंगाखालची ट्रंक ओढायला लागतात. पलटणीतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी युनिटचं बोलावणं आलं म्हणतात. म्हणून फोन मुका करून ठेवलाय. शिवाय तुमच्या दुकानातला फोन कुणाल उचलतो, आणि मामाच्या घरातलं काहीही असलं की तो लगेच आमच्या पृथ्वीराजला कळवतो. हे काम पोरांपर्यंत जायला नको. आसामात असताना मी तुम्हाला लिहीत होते तसंच लिहिते आहे, अक्षर तेवढं वाकडं झालंय.

तर आमची काचेची खोली. भाऊबीजेला तुम्ही आलात तेव्हा नुसत्या चौकटी उभ्या होत्या. आता पुरी झाली. पृथ्वीराजनं तिकडं जर्मनीत घराघराला अशी खोली बघितली आणि हट्टच धरला, की आण्णा दिवसभर आतल्या अंधाऱ्या खोलीत बसतात, त्यांना उजेडात बसू दे, रस्ता बघू दे. ओसरी पाडली, वर स्लॅब, तीन बाजूंना काच. तो तिला कन्झर्वेटरी म्हणतो. गाव म्हणतं सुभेदाराची शोकेस.

थंडीत बरं वाटलं. आता ऊन वाढलंय, आत भट्टी होते. तिला गुंडाळायचे पडदे लावायचे आहेत. तुमच्या दुकानात चांगले असतात म्हणून तुम्हालाच सांगते. कापड जाड पाहिजे. बाहेरून आतलं अजिबात दिसता कामा नये असं. तुकडे पाठवलेत तर बघून कळवेन.

ह्यांची तब्येत ठीक. थोडं विसरतात, वयच झालं. तुमची आठवण काढतात.

तुमची
अंजना

*

माधवनगर, सांगली
१९ मार्च २०२४

वहिनी, पाया पडते.

पत्र आलं तर कुणाल म्हणाला आई, तुला कुणी नोटीस पाठवली का. सून पायल म्हणाली लव्हलेटर हाय. मी पदराखाली घातलं आणि मागं शिलाईच्या खोलीत जाऊन वाचलं. तुमच्या अक्षराला काय झालंय? मला तर तसंच दिसतंय, कोंबडीनं उकरल्यागत.

तुकडे पाकिटात घातलेत. एकेक हातात धरून उजेडाकडं बघा. पांढरं बारीक जाळीचं हाय ते उन्हासाठी. त्यातनं उजेड येतो, झळ येत न्हाई, आणि बसल्या जागेवरनं भाईरचं दिसतं. पट्ट्यापट्ट्याचं हाय त्याला झेब्रा म्हणत्यात, आता लय चालतंय, पट्ट्या सरकवून उजेड कमीजास्त करायचा. आणि ते काळ्या पाठीचं जाड हाय ते ब्लॅकआउट. ते मी काचेच्या खोलीला कुणालाच देत न्हाई. ते नाईट शिफ्टवाल्यांच्या झोपायच्या खोलीला असतं, भर दुपारी अमावास्या करायला. एवढा खर्च करून काचेची खोली बांधायची आणि त्यात काळोख करायचा, मग आण्णाला फडताळातच बसवा की!

मला आधी हे सांगा, कुठल्या काचेला कवा ऊन येतंय. सकाळचं ऊन येगळं, दुपारचं येगळं. त्याच्यावर कापड ठरतं. आणि माप चौकटीच्या आतलं घ्या, भाईरचं घेऊ नका, सगळे तिथंच फसत्यात.

आण्णाला सांगा, राही विचारत हुती. भाऊबीजेला मला वळखून हसला, माझं नाव घेतलं, तवा माझं पोट भरलं बघा.

राही

*

सातारा
२७ मार्च २०२४

राहीवन्सं,

तुकडे मिळाले. छान आहेत. पांढरं जाळीचं पूर्वेला आणि पश्चिमेला चालेल. सकाळी पूर्वेनं ऊन येतं आणि दुपारनंतर पश्चिमेनं.

रस्त्याकडच्या काचेला मात्र ते काळ्या पाठीचंच द्या. जाळीचं मी लावून बघितलं, म्हणजे तुमचा तुकडा काचेला चिकटवला आणि बाहेर जाऊन पाहिलं. लांबून दिसत नाही, पण माणूस काचेजवळ उभा राहिला की सावली दिसते. हात हलवला तर हात दिसतो. आणि आतून बाहेरचंही दिसायला नको मला. रस्त्याला धूळ फार, ट्रॅक्टरचा आवाज, शाळेतली पोरं जाता-येता नाक लावून आत बघतात. माप सोबत लिहिलंय, आतलंच आहे.

फार चौकशी करू नका वन्सं. द्या तेवढं.

अंजना

*

माधवनगर
३ एप्रिल २०२४

वहिनी,

मी त्या घरात जन्मले. त्याच ओसरीवर रांगले. रस्ता उत्तरेला हाय. उत्तरेच्या काचेला ऊन कुठनं आलं वं? सूर्य आता तुमच्या मर्जीनं फिरायला लागला का?

आणि धुळीचं म्हणाल तर पडदा धुळीला काय करणार, मधी काच हायच की. आवाजाला काय करणार? गिऱ्हाईक असं बोलायला लागलं की मी समजते, की ह्याला ऊन नको असं न्हाई, ह्याला काय तरी झाकायचंय. परवा विश्रामबागच्या एका बाईनं असंच काळं कापड मागितलं, मग कळलं समोरच्या गॅलरीतल्या बाईशी भांडान हाय. तुमचं कुणाशी भांडान? जाऊबाईंशी पुन्यांदा वाजलं का? का दुपारी दोघं तिथं हात-पाय पसरून घोरताय आणि लोकं बघत्यात?

उन्हाला कापड, झाकायला कापड, येगळं येगळं असतंय. काय झाकायचं ते सांगा, मी कात्री लावते. न्हाईतर लावत न्हाई. भाईरचं दिसायला नको म्हणताय, मग काच कशापायी घातली?

राही

*

माधवनगर
१६ एप्रिल २०२४

वहिनी,

तुमचं उत्तर आलं न्हाई. आता नको बी.

काल आपल्या चुलत घरची स्वप्नाली दुकानात आली हुती, नव्या फ्लॅटला पडदे बघायला. ती रोज स्कूटीवरनं तुमच्या दारावरनं कामाला जाते. पायलसमोर, दोन गिऱ्हाइकांसमोर तिनं मला सांगितलं. म्हणाली, आत्या, तुमच्या आण्णाला घरात जेवायला घालत न्हाईत का? काचेत उभा राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला हात करतोय. बोटं तोंडाकडं नेतोय, पोटावर हात फिरवतोय, आणि मान हलवतोय. म्हणाली, दूधवाला गुंडा रोज थांबतोय, एसटी थांब्यावरची माणसं बघत्यात, गावात सगळ्यांना म्हाईत हाय.

मी कापड मोजत हुते. हातातनं गजपट्टी पडली.

मग मला तुमची सगळी पत्रं कळली. भाईरनं आतलं दिसता कामा नये. हात दिसायला नको. आवं, माझ्या भावाला उपाशी ठेवता आणि वर त्याच्यापुढं काळं कापड लावायला माझ्याच हातनं कापून मागता? चौदा वर्षांची मी, आई गेली, तवा माझा भाऊ सुट्टीवर आला की मला शेजारी बसवून जेवायचा. मी ताटावर बसल्याशिवाय घास घ्यायचा न्हाई. त्यो आता रस्त्यावरच्या लोकांना भाकरी मागतोय.

तुमाला काय जड झालं? कोण खाणारं हाय तुमच्या घरात दुसरं? लाज वाटत न्हाई का?

पृथ्वीराजला मी अजून काय कळवलं न्हाई. कळवीन.

राही

*

सातारा
२० एप्रिल २०२४

राहीवन्सं,

लाज वाटते का विचारलंत. वाटते. दुसरं काही वाटायला जागाच राहिली नाही.

आता सगळं सांगते, मग कोणाला कळवायचं ते कळवा.

ते जेवतात. सकाळी दूध-भाकरी, दुपारी पोटभर, चार वाजता काही तरी, रात्री पुन्हा. जेवून हात धुतात, तोंड पुसतात, आणि पाच-दहा मिनिटांत विसरतात. खरंच विसरतात. मग त्यांना आठवतं ते एवढंच, की आपल्याला कोणी जेवायला दिलं नाही. पूर्वी आतल्या खोलीत होते तेव्हा मलाच म्हणायचे, मी समजूत काढायची. काचेत बसायला लागल्यापासून रस्त्याला सांगतात. माणूस दिसला की उठतात, काच वाजवतात आणि तसा हात करतात, स्वप्नालीनं सांगितला तसाच. त्यांच्या तोंडावर त्या वेळी असं काही दिसतं की मी परकी असते तर मीही विश्वास ठेवला असता.

पाडव्याला त्यांनी दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, तुपात बुडवून. मी समोर बसून वाढल्या. मग मी भांडी घासायला गेले तर पुढच्या दारात शेजारच्या लक्ष्मीबाई ताट झाकून घेऊन उभ्या. माझ्याकडे बघितलं नाही, सरळ आत गेल्या, ह्यांच्यापुढं ताट ठेवलं. ह्यांनी ते सगळं संपवलं. आणि त्यांचा हात धरून म्हणाले, "आज जेवलो बघ, बाई." मी ओल्या हातांनी दारात उभी होते. लक्ष्मीबाई जाताना एवढंच म्हणाल्या, म्हाताऱ्या माणसाचं पुण्य घ्यावं.

काय सांगायचं होतं मी त्यांना? की हा माणूस खोटं बोलतो? सुभेदार आहेत ते. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंड्याला त्यांनाच उभं करतात. त्यांचा शब्द गावात कोणी मोडला नाही, मग माझा शब्द कोण धरणार? डोक्याचा आजार आहे म्हणून सांगावं तर लोक म्हणतात, आम्हाला तर नावानं हाक मारतात, वेडे कुठं आहेत!

तुम्हाला लिहिलं नाही कारण तुम्ही बहीण. तुम्ही त्यांचंच खरं धराल असं वाटलं. धरलंतच.

त्यानंतर मी त्यांना जेवण काचेतच वाढायला लागले, रस्त्यावरच्यांना दिसावं म्हणून. घास भरवताना बाहेर बघायची, कोणी बघतंय का. वन्सं, नवऱ्याला जेवू घालताना माझं लक्ष रस्त्याकडे असायचं. आणि एकदा काच वाजवायला लागले तेव्हा मी त्यांचा हात ओढून खाली दाबला, जोरात. मनगटावर वळ उठले. तोंडाला आलं ते बोलले, ते तुम्हाला लिहिणार नाही. मला त्यांची लाज वाटते. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि मला हा माणूस कोणाच्या नजरेला पडू नये असं वाटतं. लिहून टाकलं एकदाचं.

तुम्ही या. स्वतःच्या हातानं जेवू घाला आणि मग मला काय म्हणायचं ते म्हणा.

अंजना

*

माधवनगर
६ मे २०२४

वहिनी,

तुमच्याकडं चार दिवस राहते म्हणून आले आणि दुसऱ्याच दिवशी एसटी धरली. दुकानात काम निघालं असं तुमाला सांगितलं ते खोटं. कुणालनं फोन केलाच न्हवता.

समोरासमोर मला बोलता आलं न्हाई म्हणून लिहिते.

सकाळी तुमाला मुद्दाम देवळात पाठवलं. म्हटलं वहिनी नसताना बघू. मी सोता भाकरी केली, दुधात कुस्करली, वर गूळ घातला, तसं त्याला लहानपणापास्नं आवडतंय. शेजारी बसून भरवलं. त्यानं सगळं खाल्लं, मला राहे म्हणाला, डोक्यावरनं हात फिरवला. मी रडले. मनात म्हटलं, बघा, माया केली की खातोय की नीट. तुमच्याबद्दल मनात काय काय आलं ते आता लिहीत न्हाई.

मी ताट उचलून ठेवलं आणि येऊन बसले, तोवर गुंडा दूध घेऊन आला. आण्णा उठला, काच वाजवली, तसा हात केला. आणि मग माझ्याकडं बोट दाखवून मोठ्यानं म्हणाला, "ही बया जेवायला देत न्हाई मला." माझ्याकडं, वहिनी. माझ्या हाताला अजून गूळ चिकटलेला हुता.

गुंडानं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं, आणि किटली उचलून गेला. मी खांबामागं झाले. साठीच्या वरची बाई मी, आपल्याच माहेरात खांबामागं लपले. मी तुमाला जे लिहिलं हुतं ते मला कुणीतरी तोंडावर वाचून दाखवतंय असं वाटलं. तुमी हे रोज सोसता, आणि मी एक सकाळ काढू शकले न्हाई.

ती माझी चिठ्ठी फाडून टाका. वाचू नका पुन्यांदा. आणि मनगटावरच्या वळांचं मनाला लावून घेऊ नका. तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं, मला म्हाईत न्हाई.

आता पडद्याचं. तुमचं बरोबर हाय. काळं कापडच पाहिजे. फक्त उत्तरेला नव्हं, तिन्ही बाजूंना. पश्चिमेला लक्ष्मीबाईंचं दार हाय, पूर्वेला पांदीतनं माणसं जात्यात, तिकडं जाळीचं लावलं तर त्यो तिकडं जाऊन उभा राहणार. मी कालच कात्री लावली, कुणाच्या हातात दिलं न्हाई. चौकटीच्या कडेनं उजेडाची रेघ बी येऊ नये म्हणून बाजूला पट्ट्या लावायला सांगितल्यात. बसवायला आमचा कारागीर धुळा येईल, त्यो बोलत न्हाई फारसा.

स्वप्नालीला मी सांगितलं, आण्णाला साखर हाय, डॉक्टरनं खाण्यावर बंदी घातलीया, म्हणून मागतोय. तीच गोष्ट तुमी बी सांगा. झेंड्यापुढं उभं राहणाऱ्या माणसाला लोकांनी असं बघू नये. आपुन त्याच्या अब्रूसाठी करतोय, दुसरं काय न्हाई.

राही

*

सातारा
२५ मे २०२४

राहीवन्सं,

पडदे बसले. धुळानं काम फार सुबक केलं. दोरी ओढली की सरसर खाली येतात आणि आत संध्याकाळ होते. मी दिवसा छोटा दिवा लावते.

कसं सांगू तुम्हाला, घराला शांतता आली. पहिले दोन दिवस ते पडद्याला हात लावून बघत होते, रस्ता कुठं गेला म्हणून विचारत होते. मग सोडून दिलं. आता काच वाजवत नाहीत. हात करत नाहीत. मागतही नाहीत हो. खुर्चीत शांत बसतात, बरेचदा झोपतात. "जेवलात का?" विचारलं तर "जेवलो" म्हणतात. हा शब्द ऐकायला माझे कान तरसले होते. परवा तो ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले.

लक्ष्मीबाईंना साखरेची गोष्ट सांगितली. त्यांना ती पटली असावी, कारण काल त्यांनी पापड लाटायला हाक मारली. मी गेले. किती दिवसांनी चार बायकांत बसले. कोणी काही विचारलं नाही. दुपार कशी गेली कळलंच नाही मला.

पृथ्वीराजनं व्हिडिओवर खोली दाखव म्हटलं. मी पडदे वर करून रिकामी खोली दाखवली आणि आण्णा झोपलेत म्हटलं. तो खूश झाला.

तुमचे उपकार.

अंजना

*

माधवनगर
१० जून २०२४

वहिनी,

तुमचं पत्र वाचून उशाशी ठेवलं. बरं वाटलं. आता आण्णाची अब्रू बी राहिली आणि तुमाला बी माणसात जाता आलं. मी इथं छाती वर करून फिरते.

सोबत आण्णाला एक पांढरा सदरा पाठवतेय. मी सोता शिवलाय. माप भाऊबीजेला आणलेल्या सदऱ्याचंच धरलंय. घालून कसा दिसतोय ते कळवा.

राही

*

सातारा
४ जुलै २०२४

राहीवन्सं,

सदरा मिळून बरेच दिवस झाले. परवा घातला, आज लिहिते. आधी लिहायला घेतलं होतं, पण जमलं नाही.

सदरा अंगात घातला तर खांद्यावरून खाली आला. गळ्यात माझी मूठ जाईल एवढी फट. मला वाटलं, वन्संची नजर गेली, माप चुकलं. तसं हसत त्यांना म्हटलंसुद्धा. मग भाऊबीजेचा सदरा काढून तो घातला. तोही तसाच. मग मी त्यांना उजेडात आणलं, परसात, आणि सदरा काढून बघितलं. राहीवन्सं, बरगड्या दिसत होत्या. मी रोज त्यांना अंघोळ घालते. न्हाणीतला दिवा बारीक आहे म्हणून दिसलं नाही, असं मी आधी लिहिलं होतं. ते खोडलं. मी बघितलं नाही, हे खरं.

रिक्षा करून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वजन घेतलं आणि मला साधंच विचारलं, दिवसातून किती वेळा जेवतात, काय जेवतात? मला सांगता आलं नाही. पूर्वी मी कोणालाही सांगू शकले असते, घास न घास. कारण तेव्हा मला सगळ्यांना ते सांगायचं होतं.

पडदे लावल्यापासून मी ताट त्यांच्यापुढं ठेवायची आणि माझ्या कामाला जायची. परत येऊन बघायची तर अर्धं-पाऊण तसंच. विचारायची, ते म्हणायचे जेवलो. मी ताट उचलायची. एवढ्या दिवसांत एकदाही बसून भरवलं नाही. कोणी बघत नव्हतं ना. जेवून नाही म्हणायचे तेव्हा त्यांचं डोकं गेलंय असं मी सगळ्यांना सांगत होते. न जेवता जेवलो म्हणायला लागले, ते मात्र मी खरं धरलं, कारण ते मला सोयीचं होतं.

डॉक्टरांकडून आल्यावर मी त्यांच्यापुढं बसले आणि विचारलं, का हो जेवत नाही? मागत का नाही? त्यांनी पडद्याकडं बघितलं, आवाज एकदम हळू केला आणि मला समजावून सांगितलं. म्हणाले, "रात्र झाली ना. लंगर बंद झालं. आता मागायचं नसतं, सकाळी मिळेल."

पलटणीतलं स्वयंपाकघर, त्याला ते लंगर म्हणतात. आपण तिन्ही बाजूंनी रात्र केली, वन्सं, कडेला पट्ट्या लावून. आणि ते शिस्तीचे, सकाळ व्हायची वाट बघत बसले. भूक लागली नव्हती असं नाही. मी शांतता म्हणत होते ती ही. आणि त्या शांततेत मी पापड लाटले.

तुम्हाला दोष देत नाही. कापड तुम्ही कापलं, पण पहिल्या पत्रात मागितलं मी. दोरी रोज ओढली मी. आपण दोघींनी ह्याला त्यांची अब्रू म्हटलं. ती आपली होती.

आता सांगते आज सकाळचं. मी तिन्ही पडदे वर केले. गुंडाळून दोरीनं बांधून टाकले. त्यांना डोळे उघडवेनात, हाताची सावली करून बसले. मी भाकरी कुस्करून आणली, तुमच्यासारखा गूळ घातला. दोन-चार घास घेतले, मग तोंड फिरवलं. डॉक्टर म्हणालेत, आता हळूहळूच. मी बसून राहिले. बऱ्याच वेळानं आणखी दोन घास घेतले.

रस्त्यानं भांगलणीच्या बायका चालल्या होत्या, आपल्या गावच्या नव्हत्या, टेम्पोतून उतरून शेताकडं निघालेल्या. ह्यांनी त्यांना बघितलं. खुर्चीच्या हाताला धरून उठले, पाय लटपटत होते, मी धरायला गेले नाही. काच वाजवली. बोटं तोंडाकडं नेली, पोटावर हात फिरवला, मान हलवली. मग माझ्याकडं बोट दाखवलं.

त्यातली एक बाई थांबली. खुरपं कमरेला खोचलेलं, माझ्याच वयाची. काचेजवळ आली, ह्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं, मग मला बघितलं. मी दार उघडून बाहेर गेले. तिनं विचारलं, "म्हातारं काय म्हणतंय वं? जेवाय देत न्हाईत म्हणतंय का?"

पूर्वी ह्याच्यावर माझ्याकडे पुष्कळ बोलायला असायचं. साखर, विसरणं, पुरणपोळ्या, सगळं. ती वाट बघत उभी होती. मागच्या बायकाही थांबल्या होत्या.

मी म्हटलं, "व्हय. खरं म्हणत्यात ते."

अंजना